काल प्यायलो, हे कुठे सांगायचं?

(मिशनच्या पाठीराख्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या मेळाव्यात जेवणाच्या रांगेत एका मावशींनी मला विचारलं होतं, "तुमच्या आदिवासी भागात दारूचं फार आहे म्हणतात. त्यावर तुम्ही काय करता?" हातात ताट होतं, मागे माणसं खोळंबली होती. मी म्हणालो, "मावशी, आम्ही प्रार्थना करतो." त्यांचं समाधान झालं, माझं झालं नाही. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायची मला लाज वाटत होती. त्या मावशी आज समोर बसल्या आहेत, म्हणून आता सांगतो.

तुमच्यापैकी जे नवापूरला येऊन गेलेत त्यांनी आमचं स्टेशन पाहिलं असेल. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. एक बाकडं अर्धं इकडे, अर्धं तिकडे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. पलीकडे दारूबंदी, अलीकडे दुकानं उघडी. त्यामुळे आमच्याकडे दारू हे नुसतं व्यसन नाही, सीमेवरचा धंदाही आहे.

आदिवासी म्हणजे दारुडा, असं शहरात सहज बोललं जातं. चर्चमध्येही बोललं जातं, फक्त जरा गोड शब्दांत. मी स्वतः मावची आहे, म्हणून एवढं बोलू द्या. मोह हे आमच्या लोकांचं अन्नाचं झाड. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारातच बायामुलं टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात. ती वाळवून खातात, बियांचं तेल काढतात, आणि हो, फुलांची दारूही गाळतात. जन्माला, लग्नाला, मरणाला, देवाला धार द्यायला ती लागायची. पण ती सणावारी लागायची, घरात गाळलेली असायची, चारचौघांत वाटून प्यायची. आता ती रोज लागते आणि विकत मिळते. काळा गूळ आणि नवसागर घालून काढलेल्या मालात नेमकं काय आहे ते पिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोहाच्या झाडाला शिव्या देऊन यातलं काही सुटणार नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीनं ख्रिस्त स्वीकारला तेव्हा दारू सोडणं हीच त्यांची गावातली ओळख झाली. "तो पीत नाही" म्हणजे तो ख्रिस्ती झाला, इतका सरळ हिशेब होता. त्यामुळे घरं वाचली, पोरं शाळेत गेली. मी त्याच शाळा शिकलेल्या पोरांचा पोरगा आहे. पण या ओळखीची एक दुसरी बाजू आहे. पीत नाही तो ख्रिस्ती, मग जो ख्रिस्ती असून पितो त्यानं काय करायचं? तो लपवतो. आमच्या गावात मी पाहिलंय, हिंदू किंवा आपला जुना देव मानणारा माणूस रस्त्यावर पिऊन पडतो, आणि आपला विश्वासी शेताच्या झोपडीत एकटा पितो. एकट्यानं पिणारा लवकर मरतो.

आता त्या भावाबद्दल सांगतो. त्यांचं नाव, गाव सांगणार नाही, एकदोन तपशीलही मुद्दाम बदलले आहेत. सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. ते काळी-पिवळी चालवायचे, बाजाराच्या दिवशी जीपमध्ये चौदा-पंधरा माणसं कोंबून. गाडी पिऊनच चालवायचे. २०१७ च्या नोव्हेंबरात आमच्या तंबूसभेत ते पुढे आले, रडले, आम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या दिवसापासून त्यांनी बाटलीला हात लावला नाही. त्यांच्या घरात त्या महिन्यात पहिल्यांदा भांडण झालं नाही, असं वहिनी सांगतात.

नाताळच्या उपासनेत मी त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. ते नको म्हणत होते. "दादा, अजून थोडे दिवस जाऊ द्या." मी ऐकलं नाही. नाताळला चर्च भरलेलं असतं, बाहेरून पाहुणे येतात, मिशनच्या पत्रकासाठी फोटोही हवा होता. खरं सांगतो, तो फोटो तुमच्यासाठी हवा होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, येशूनं मला दारूपासून कायमचं सोडवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कायमचं" हा शब्द त्यांचा नव्हता, आदल्या संध्याकाळी मी शिकवला होता.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा प्यायले. लपून प्यायले, मग उघड प्यायले, मग एका रविवारी वास येत असताना चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसले. पंचांची बैठक झाली. सहा महिने प्रभुभोजन बंद, असा निर्णय झाला. तसं पत्र द्यायचं ठरलं, आणि ते मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केल्यामुळे कुठलं वचन कुठे आहे ते मला पटकन सापडतं. तीन वचनांचे संदर्भ घालून, खाली सही करून मी ते त्यांच्या दारात नेऊन दिलं. त्यानंतर ते चर्चमध्ये आले नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडाला वहिनींचा निरोप आला, ते आता सोडतो म्हणतात, तुम्ही या. आम्ही चौघं गेलो. त्यांना आतल्या खोलीत ठेवलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि ओसरीवर उपासप्रार्थना सुरू केली. पहिल्या संध्याकाळी हात थरथरत होते, घामानं अंथरूण भिजलं. दुसऱ्या दिवशी फिट आली. रात्री ते भिंतीवरून मुंग्या झाडत होते. भिंतीवर मुंगी नव्हती. कोणाशी तरी बोलत होते, आणि खोलीत कोणी नव्हतं. आमच्यातला एक जण म्हणाला, हे भुताचं काम आहे, आवाज वाढवा. आम्ही वाढवला.

पहाटे वहिनींची चुलतबहीण आली. ती उपकेंद्रावर नर्स आहे. तिनं कडी काढली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि आम्हाला जे सुनावलं ते मी इथे सांगू शकत नाही. त्यांच्याच जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस गेला असता तर कदाचित माणूस हाती लागला नसता.

बंधुभगिनींनो, आज घरी जाताना बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली तर त्याचा जीव जाऊ शकतो. साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भास, भ्रम, ताप, छातीत धडधड सुरू होऊ शकते. याला औषधं आहेत. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, झटके थांबवणाऱ्या गोळ्या देतात, लक्ष ठेवतात. हे सगळं डॉक्टरचं काम आहे. आपण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून प्रार्थना करावी, देव तिथेही ऐकतो. बाहेरून कडी घालू नये.

आता तुम्ही विचाराल, मग गटाचं काय? त्याचीच वाट पाहायला लावली तुम्हाला. दवाखान्यात एक समुपदेशक ताई होत्या. सुटी मिळायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "औषधानं शरीरातली दारू निघाली. हे पुन्हा पितील, निदान पिण्याची इच्छा तरी होईल. त्या दिवशी, काल प्यायलो, असं हे कोणाला सांगणार?" मी म्हणालो, "मला सांगतील. मी आहे ना." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पत्र तुम्हीच लिहिलं होतं ना?"

त्या वेळी अल्कोहोलिक्स अनॉनिमस हे नाव मी नुसतं ऐकलं होतं, मुंबईतल्या लोकांचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. ताईंनी एक फोन नंबर दिला. फोनवरच्या माणसानं माझं नाव, जात, चर्च काही विचारलं नाही. "पिणारे तुम्ही की दुसरं कोणी?" एवढंच विचारलं आणि सगळ्यांत जवळचा गट कुठे, कोणत्या वारी, किती वाजता भरतो ते सांगितलं. सगळ्यांत जवळचा म्हणजे एसटीनं सव्वा तास. सभा संध्याकाळी सहाला, आणि आमच्या बाजूची शेवटची गाडी सातची. म्हणजे जाता येतं, परतता येत नाही. आम्ही माझ्या मोटारसायकलवर गेलो.

एका शाळेच्या वर्गात दहा-बारा माणसं बसली होती. एक सोनार, एक शिक्षक, एक हमाल, एक जण पॅन्टला कडक इस्त्री केलेला. दारातल्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही दोघंही?" मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "नाही, मी यांना घेऊन आलोय. मी चर्चचा सेवक आहे." ते हसले. म्हणाले, "मग साहेब, तुम्ही बाहेर बसा. आज बंद सभा आहे, फक्त पिणाऱ्यांची. खुली सभा असते तेव्हा जरूर या." दीड तास मी बाहेरच्या बाकावर डास मारत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की देवाधर्माचं काही चाललंय आणि डिप्लोमावाल्याला आत प्रवेश नाही.

ते बाहेर आले तेव्हा गप्प होते. निम्म्या रस्त्यात मागून म्हणाले, "दादा, तो इस्त्रीवाला माणूस म्हणाला, आज अकरा वर्षं झाली, आणि आजही दुकानासमोरून जाताना तो रस्ता ओलांडतो." मग पुढे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "अकरा वर्षं. आणि तो 'कायमचं' म्हणाला नाही."

हे गट कसे सुरू झाले त्याची गोष्ट मी नंतर वाचली आणि मला आपल्या पाळकवर्गासाठी ती फार मोलाची वाटली. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात धंद्याच्या कामाला आला होता. पाच महिन्यांपूर्वी त्यानं दारू सोडली होती. काम फिसकटलं, हातात पैसे नाहीत, ओळखीचं कोणी नाही. हॉटेलच्या दालनात एका टोकाला बार, आणि दुसऱ्या टोकाला फोनजवळ शहरातल्या चर्चेसची यादी. त्याला कळलं की आता आपण बारकडे वळणार. तो यादीकडे वळला आणि एका पाळकाला फोन लावला. त्याला उपदेश नको होता, प्रार्थनाही नको होती. त्याला एक दारुडा हवा होता, बोलायला. त्या पाळकानं फोन ठेवून दिला नाही, काही नावं दिली. त्या नावांतून माग काढत बिल पोचला डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या पिणाऱ्या सर्जनकडे. डॉक्टर पंधरा मिनिटंच बसणार म्हणाले होते, बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं. दहा जूनला डॉक्टर शेवटचं प्यायले, आणि तोच दिवस हे लोक आपला स्थापनादिवस मानतात.

मी कधीकधी विचार करतो, असा फोन मला आला असता तर मी काय केलं असतं? रविवारी साडेनऊच्या उपासनेला या, असं सांगितलं असतं.

त्या सुरुवातीच्या मंडळींवर ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीचा प्रभाव होता. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करावीत हे याकोबाच्या पत्रातलं शिक्षण आपण वाचतो आणि पान उलटतो, त्यांनी ते धरून ठेवलं. पण पुढे त्यांनी स्वतःला कुठल्याही पंथाशी बांधलं नाही. सभासद व्हायला एकच अट, पिणं थांबवण्याची इच्छा. फी नाही, हजेरीपट नाही, पूर्ण नाव नाही. देव म्हणजे ज्याला जसा समजला तसा.

या शेवटच्या गोष्टीवरून आमच्याकडे वादळ झालं. झालं असं की दर आठवड्याला दोघांनी पेट्रोल जाळून इतकं लांब जाणं चालेना. शिवाय तिथलं बोलणं शहरी मराठीत. हे आमचे भाऊ मनातलं बोलतात ते मावचीत. घरातली मारहाण, पोराच्या वह्यांचे पैसे, हे परक्या भाषेत कसं काढायचं? तेव्हा त्या गटाच्याच जुन्या माणसांनी सांगितलं, दोन जण झालात की गट झाला, तुमच्याकडे सुरू करा, आम्ही महिन्यातून एकदा येऊ. ते खरोखर आले, स्वतःच्या खर्चानं.

२०१९ मध्ये आमच्याकडे गट सुरू झाला. मी चर्चची मागची खोली देऊ केली. भाऊ नको म्हणाले. "तिथे मला पत्र मिळालंय. आणि जे ख्रिस्ती नाहीत ते तुमच्या दारातून आत येणार नाहीत." म्हणून शाळेचा वर्ग मागून घेतला. वार कोणता? मी सोमवार सुचवला, निवांत असतो म्हणून. ते म्हणाले, नाही, बाजाराचा वार, संध्याकाळी सहा ते साडेसात. त्या वेळी खिशात पैसे असतात, दोस्त भेटतात, दुकानाची वाट पायांना पाठ असते. त्याच वेळी बसायला दुसरी जागा हवी. हे मला कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं.

पहिल्या सभेला तिघं. त्यातले एक काका याहामोगीला मानणारे, दरवर्षी देवमोगऱ्याच्या यात्रेला जाणारे. त्यांनी आपल्या देवीचं नाव घेऊन सांगितलं की आज पिणार नाही. बातमी पंचांपर्यंत पोचायला एक दिवस लागला. मला बोलावलं गेलं. मिशनचा सेवक असून दुसऱ्या देवाच्या नावानं चाललेल्या सभेसाठी चावी मागायला शाळेत कसा गेलास? प्रश्न योग्य होता. मी रात्रभर जागा होतो. मला वाटतं की तारण ख्रिस्तातच आहे, ते मी लपवत नाही आणि काकांनाही ठाऊक आहे. पण मला लाजराची गोष्ट आठवत राहिली. प्रभूनं हाक मारून मेलेल्याला कबरेतून बाहेर आणलं, पण हातापायाला गुंडाळलेली वस्त्रं सोडायचं काम आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांना सांगितलं. ती सगळी माणसं विश्वासी होती असं तिथे म्हटलेलं नाही. उलट त्यांच्यातल्या काहींनी पुढे जाऊन येशूची चुगली केली. तरी गाठी सोडायला तीच होती. पंचांना हे सगळ्यांना पटलं असं नाही. अजूनही एक काका माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत. चावी मात्र मी मागत राहिलो.

दुसरी गंमत तुमच्याशी संबंधित आहे. तुमच्यापैकी एका मंडळीनं या कामासाठी प्रेमानं पाच हजार रुपये पाठवले होते. मी पाकीट घेऊन गेलो. गटानं ते घेतलं नाही. बाहेरचे पैसे घ्यायचे नाहीत, स्वतःचा खर्च स्वतः भागवायचा, हा त्यांचा जगभरचा नियम. सभा संपली की पत्र्याचा डबा फिरतो, कोणी पाच टाकतं, कोणी दहा, त्यात चहा-साखर येते. पस्तीस वर्षांत आमच्या भागात मिशनचे पैसे परत करणारी ही पहिलीच संस्था मला दिसली. ते पैसे आम्ही वसतिगृहाच्या चादरींना वापरले, पावती पाठवली आहे.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय. सात महिने कोरडे राहिल्यावर भाऊ पुतणीच्या हळदीला प्यायले. दोन दिवस प्यायले. तिसऱ्या दिवशी बाजार होता. संध्याकाळी सहाला ते वर्गाच्या दारात उभे. मी बाहेरच्या बाकावर होतो, मला वास आला. माझ्या मनात, खोटं का बोलू, पत्राचा मजकूर तयार होऊ लागला होता. ते आत गेले. नंतर त्यांनीच मला सांगितलं. ते म्हणाले, "काल प्यायलो. परवापण." कोणी काही बोललं नाही. याहामोगीवाल्या काकांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग पुढच्या माणसानं आपलं बोलायला सुरुवात केली. बस. निघताना एक जण त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेला, दुकान लागतं त्या वाटेनं नाही, नाल्याकडून. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही घेऊन गेला.

पुढे एकदा मी त्यांची माफी मागितली, त्या पत्राबद्दल आणि त्या साक्षीबद्दल. ते म्हणाले, "दादा, पत्र आहे माझ्याकडे पेटीत. अक्षर छान आहे."

बायकांचं सांगायला हवं, नाहीतर घरी गेल्यावर माझी खैर नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात, १९५१ पासून. आमच्याकडे तसा रीतसर गट नाही. वहिनी आणि आणखी चारजणी भाजी निवडताना बसतात. एकदा वहिनी म्हणाल्या, "चौदा वर्षं मी रोज संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. आता तो पीत नाही, पण माझं नाक अजून तसंच जातं." यावर काय करायचं ते मला माहीत नाही. त्या पाचजणींना थोडं ठाऊक आहे. त्यांच्यातली एक स्वतः दारू गाळून विकायची, मुलींच्या फीसाठी. तिला आधी आम्ही काय म्हणायचो ते आठवलं तरी मान खाली जाते.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, नगरचे. तुमच्या घरात हे नाही असं समजून मी बोलत नाही. जेवणाच्या रांगेत मला दरवर्षी कोणीतरी बाजूला घेतं आणि "आमच्या शेजारच्यांचं" म्हणून विचारतं. शेजारी फार असतात तुम्हाला.

तुम्हाला आमच्यासारखं सव्वा तास जायला लागणार नाही. मुंबई-पुण्यात यांच्या सभा बऱ्याचदा चर्चच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात भरतात. कदाचित तुमच्याच हॉलमध्ये भरत असेल, आणि तुम्हाला ठाऊक असेल ते इतकंच की त्या वारी हॉल सरावासाठी मिळत नाही. सेक्स्टनला विचारा. तिथे नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, त्यांना सहसा माहिती असते. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक आहे. १४४१६ हा टेली-मानसचा, तिथे मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथून उपचार घेऊन गेलेल्यांचा पाठपुरावाही ते करतात.

गटाला पहिल्यांदा जाताना खुली सभा कधी ते विचारून घ्या, म्हणजे बरोबरच्या माणसाला माझ्यासारखे डास मारत बसावं लागणार नाही. एका गटात मन रमलं नाही तर दुसऱ्यात जा. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा, जसा मंडळ्यांचा असतो. कोणी प्रवेश फी मागितली तर तो हा गट नव्हे. आणि "न कळत दारू सोडवा" म्हणून एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती असतात, त्या पुड्या भाजीत मिसळू नका. दारूवर रिॲक्शन आणणारं औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून आणि तपासून. चोरून दिलं आणि तो वर प्यायला तर ते जिवावर बेततं. मारहाण करून, साखळीनं बांधून सोडवणारी केंद्रंही आहेत. पाठवण्याआधी स्वतः जाऊन बघा.

पाळकसाहेब, एक विनंती तुम्हाला. ज्यानं आत्ताच सोडली आहे त्याला प्रभुभोजनाच्या वेळी खरा द्राक्षारस देऊ नका. आंबलेला नसलेला रस सगळ्यांनाच द्या, म्हणजे त्याला वेगळं उठून दिसावं लागणार नाही. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगितला होता हे मला माहीत आहे. आमच्या गावातल्या प्रत्येक पिणाऱ्या विश्वाशाला ते एक वचन तोंडपाठ आहे, बाकी पत्र नाही.

आणि साक्ष मागण्याआधी एक वर्ष थांबा. फोटोसाठी तर थांबाच. या अंकात तुम्हाला त्यांचा फोटो दिसणार नाही.

भाऊंना आज कोरडं राहून किती दिवस झाले हे मी सांगत नाही, कारण परवा विचारलं तर ते म्हणाले, "आजचा दिवस झाला." गटात आता सात-आठ जण येतात. ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला एक जण रात्री तिथून फोन लावतो, रेंज असेल तर. तो परत येतो होळीच्या सुमारास. आमच्याकडे होळी म्हणजे सगळ्यांत मोठा सण. ढोल, रात्रभर नाच आणि दारू पाण्यासारखी. गटानं ठरवलंय की होळीच्या दिवशी सभा दोनदा भरवायची. एक दुपारी, एक रात्री दहाला, ढोल सुरू झाल्यावर. शाळेची चावी मी आधीच मागून ठेवली आहे. दोन्ही वेळा मी बाहेर बाकावर असेन, चहाचं पातेलं घेऊन. त्या रात्री दहा वाजता तुम्ही जागे असाल तर आमची आठवण करा.